'युउत्सु'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

तानिगावा नागारूंची सुझुमिया हारुही ही जपानी कादंबऱ्यांची मालिका इथे बऱ्याच जणांनी वाचलीय, निदान अ‍ॅनिमे तरी पाहिलंय, म्हणून विचारतोय. २००३च्या पहिल्या पुस्तकाचं नाव 'सुझुमिया हारुही नो युउत्सु'. मराठीत त्याबद्दल लिहिताना कुणी 'उदासी' लिहितं कुणी 'विषण्णता', आणि मला दोन्ही खटकतात. विषण्ण माणूस गप्प बसून राहतो हो, आणि ही पोरगी, म्हणजे नायिका हारुही, शाळेतल्या एकूण एक क्लबात नाव घालून बघते, एकही पसंत पडत नाही म्हणून सोडते, रोज केसांची ठेवण बदलते, वर्गात पहिल्याच दिवशी उभी राहून सांगते की साध्या माणसांत मला रस नाही, परग्रहावरचे, भविष्यातून आलेले, अतींद्रिय शक्तीवाले कुणी असतील त्यांनी माझ्याकडे यावं. हिला मरगळलेली तरी कसं म्हणणार? 'वैताग' थोडा जवळ जातो पण तो वरवरचा. 'नैराश्य' तर नकोच, तो शब्द आता आजाराचा झालाय. तुम्ही काय वापराल?

—

दादा, आधी जपानीतला वापर सांगते, मी ती भाषा शिकलेय. युउत्सु लिहायला भयंकर अवघड, त्यातलं दुसरं अक्षर एकट्याचंच २९ रेघांचं, आणि सरकारी नित्य वापराच्या यादीत ते आलं २०१० साली, म्हणजे पुस्तक निघाल्यावर सात वर्षांनी. पण बोलायला अगदी घरगुती शब्द आहे. उद्या सोमवार, युउत्सु. पावसाची झड थांबत नाही, युउत्सु. म्हणून 'विषाद' सुद्धा बाद, तो म्हटला की डोळ्यासमोर अर्जुनच येतो. आणि 'उदास'चं म्हणाल तर संतांच्या मराठीत उदास म्हणजे अलिप्त, हारुही कशातूनच अलिप्त नाही. मी 'उद्विग्नता' सुचवेन, त्यात खिन्नपणा आहे आणि अस्वस्थपणाही.

—

ताई, उद्विग्नता अर्थाने बसते पण सोमवारच्या सकाळी कोण उद्विग्न होतं सांगा, तो अग्रलेखातला शब्द झाला. माझ्या मनात कधीपासून एकच घोळतंय, *हारुहीला करमत नाही.* रेल्वे फाटकापाशी ती क्योनला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या तिच्या वर्गमित्राला, जे सांगते ते आठवा. सहावीत असताना घरच्यांबरोबर बेसबॉल बघायला गेली, स्टेडियम खचाखच भरलेलं, वडिलांना विचारलं किती माणसं असतील तर ते म्हणाले पन्नासेक हजार, मग घरी येऊन कॅल्क्युलेटरवर हिशोब केला तर ती अख्खी गर्दी म्हणजे जपानच्या लोकसंख्येचा दोन हजारावा भाग निघाली. तोवर तिला वाटायचं आपलाच वर्ग जगात सगळ्यात भारी, आपल्या घरात घडतं ते कुठेच घडत नसेल. त्या दिवसापासून जगाची चवच गेली. यात कुणी मेलं नाही, कुणी सोडून गेलं नाही, काही हरवलंही नाही, नुसतं करमेनासं झालं.

आणि करमणूक हा शब्दही त्याच 'करमणे'तला ना! मग ती काय करते, एसओएस दान नावाचा क्लब काढते, ज्याचं पूर्ण नाव जगात जोरदार रंगत आणण्यासाठीचा सुझुमिया हारुहीचा संघ. करमत नाही म्हणून अख्ख्या जगाची करमणूक करायला निघालेली मुलगी, अर्धी मालिका या एका धातूत सापडते मला.

—

वा, हे पटलं. पण एक शंका, आपण करमत नाही म्हणतो ते जागेबद्दल किंवा माणसावाचून. होस्टेलवर करमत नाही, नातवंडं गेल्यापासून आजीला करमत नाही. म्हणजे आधी कुठेतरी जीव रमलेला असावा लागतो. हारुहीचा कुठे रमला होता?

—

सहावीच्या आधीच्या जगात! त्या हिशोबाआधीच्या. आणि हिची जागा म्हणजे हे पूर्ण विश्वच, त्यामुळे हिला करमेनासं झालं की तिच्या क्लबातला अतींद्रिय शक्तीवाला कोइझुमी म्हणतो तसं बंद अवकाश तयार होतं आणि निळे चमकणारे राक्षस तिथल्या इमारती पाडायला लागतात. विनोद तिथेच आहे, एका शाळकरी पोरीचा मूड सांभाळायला परग्रहवासी, भविष्यवासी आणि अतींद्रियवाले तिघेही तिच्याच क्लबात येऊन बसलेत आणि तिला पत्ता नाही.

उलट बाजूही बघा. २००९च्या अ‍ॅनिमेत आठ भाग जवळजवळ तीच गोष्ट, सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे फिरून फिरून तेच, ते बनवणाऱ्या क्योतो अ‍ॅनिमेशनवर लोक तेव्हा जाम चिडले होते. पण ते का घडतं? तिला आता करमायला लागलंय आणि सुट्टी संपायला नको आहे. कादंबरीत १५,४९८ वेळा! मला ते आठही भाग आवडतात, एकही वगळू नये असं माझं मत.

आणि चौथं पुस्तक, ज्याच्यावर २०१०चा सिनेमा आला. डिसेंबरात एका सकाळी सगळं जग साधंसुधं होऊन बसतं, क्लबातली परग्रहवासी नागातो नुसती लाजरीबुजरी मुलगी, हारुही वर्गातच नाही. जो क्योन सारखा 'यारे यारे' करत कुरकुरायचा त्याला हवं तसं शांत आयुष्य मिळतं आणि त्यालाच करमत नाही. तिथे उद्विग्नता लावून बघा ताई, नाही लागत.

—

मान्य, मजकुरात करमत नाहीच हवं. पण मुखपृष्ठाचं काय? या मालिकेतलं प्रत्येक नाव 'हारुहीचं अमुक' असं नामावर संपतं, उसासा, कंटाळा, नाहीसं होणं वगैरे, तिथे क्रियापद बसवलं तर पुढची सगळी रांग बिघडेल. 'हारुहीचं न करमणं' चालेल का? जरा ओबडधोबड वाटतं पण दोनतीनदा मोठ्याने म्हणून बघितलं तर जिभेवर बसतंय.

—

चालेल काय, तेच ठेवूया. 'कंटाळा' तिसऱ्या पुस्तकासाठी राखून ठेवा, त्या 'ताइकुत्सु'ला दुसरा शब्द नाही. आता दुसऱ्या पुस्तकाच्या 'तामेइकी'ला उसासा की सुस्कारा, ते कुणीतरी सांगा. माझं मत सुस्कारा, कारण तो पूर्ण पुस्तकभर क्योन सोडत असतो.