व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प स्वतः बांधताना : तुमचे अनुभव लिहा

जुन्या धर्तीचे, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारे ॲम्प घरी बांधणारे आपल्यात थोडेच आहेत, आणि प्रत्येकाचा अनुभव त्याच्या वहीतच पडून राहतो. म्हणून हा धागा. काय बांधलंत, काय बदललंत, बदलल्यावर कानाला काय जाणवलं ते लिहा. सर्किटचे नकाशे हवे तितके मिळतात. मोजलेले व्होल्ट आणि ऐकलेला फरक कुणी लिहून ठेवत नाही.

सुरुवात मी करतो. मी निवडलं फेंडर कंपनीच्या ट्वीड डिलक्स या ॲम्पचं ५ई३ हे सर्किट, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं. व्हॉल्व्ह असे : आउटपुटला दोन ६व्ही६, पुढच्या भागात एक १२एवाय७ आणि एक १२एएक्स७, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३. यात निगेटिव्ह फीडबॅक नाही, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग मागे फिरवून आवाज सुधारणारी जोडणी नाही. व्हॉल्यूम अर्ध्यावर गेला की आवाज फाटायला लागतो आणि पिक हलका केला की पुन्हा स्वच्छ होतो. मला हवा होता तो हाच गुण.

ट्रान्सफॉर्मर पुण्यातल्या बुधवार पेठेतल्या वाइंडिंगवाल्या काकांकडून २३० व्होल्टचा गुंडाळून घेतला. प्लेटला, म्हणजे व्हॉल्व्हच्या हाय व्होल्टेजच्या टोकाला, ३६० व्होल्ट आले, कॅथोडला, म्हणजे दुसऱ्या टोकाला, २०. दोन्ही ६व्ही६ मिळून कॅथोडला एकच २५० ओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे एकूण ८० मिलिअँपिअर, एकेकीच्या वाट्याला ४०. स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या एका जाळीचा) करंट वजा केला तरी ३४० व्होल्टवर (३६० वजा २०) जवळपास १३ वॅट होतात, आणि जुन्या डेटाशीटप्रमाणे ६व्ही६ची मर्यादा १२. रेझिस्टर ३०० चा केला, आकडा १२ च्या आत आला. आवाजात मला काहीच फरक ऐकू आला नाही. नकाशातला ओहमचा आकडा त्या काळच्या ट्रान्सफॉर्मरसाठी असतो, हे नवीन बांधणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावं.

*

ठाण्याहून.

आमच्या शहरात मर्फी रेडिओचा कारखाना होता, त्यामुळे जुन्या घरांच्या माळ्यांवर अजूनही रेडिओ सापडतात. तसाच एक, आतून पार कुजलेला, मी गिटारसाठी वापरला. चालू स्थितीतला रेडिओ कृपा करून मोडू नका.

आत ईएल८४ ही आउटपुटची व्हॉल्व्ह होती, तिचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर शाबूत होता. रेडिओतला आवाजाचा भाग गिटारला पुरत नाही, पुढे सिग्नल वाढवणारी एक ईसीसी८३ लावावी लागते. तिच्या हिटरला, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला, ०.३ अँपिअर लागतात. रेडिओची स्टेशन पकडण्याच्या भागातली ईसीएच८१ काढली की नेमके तेवढेच मोकळे होतात, त्यामुळे मूळ मेन्स ट्रान्सफॉर्मरवर जास्तीचा भार पडत नाही. चार-एक वॅट मिळतात, घरात भरपूर होतात.

पण सावध. काही रेडिओंत मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो. व्हॉल्व्हची नावं 'यू'ने सुरू होत असतील, यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५ अशी, तर त्या रेडिओचं चॅसिस थेट मेन्सला जोडलेलं असतं. त्यात गिटारची वायर खुपसली की तारांमध्ये २३० व्होल्ट येऊ शकतात. असा रेडिओ हातात आला तर आहे तसा ठेवून द्या.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्बचा बोर्ड वापरा, म्हणजे वीज आधी एका बल्बमधून जाईल. आत शॉर्ट असेल तर बल्ब लखलखतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरतो. रेझिस्टर लावून तो उतरवायचा, मीटरवर शून्य बघायचं, मगच हात घालायचा.

*

मी कोल्हापूरची. माझा ॲम्प छोटा, ५एफ१ चॅम्प, एकच ६व्ही६. या सर्किटचा खरा प्रश्न आहे गुणगुण. पुश-पुलमध्ये, म्हणजे दोन आउटपुट व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात तिथे, पुरवठ्यातली लहर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बरीचशी कटते; एकट्या व्हॉल्व्हला ती सोय नाही.

गुणगुण कुठून येते ते मी गिटारवरच ओळखते. आपली वीज ५० हर्ट्झची. फिल्टर कमी पडला तर गुणगुण १०० हर्ट्झची येते, आणि सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी आहे ९८ हर्ट्झचा. तो सूर जवळपास जुळला की मी फिल्टर कपॅसिटर बघते. त्याच्या एक सप्तक खाली लागला तर हिटरच्या तारा, नाहीतर ग्राउंड. माझ्याकडे खालचा निघाला.

हिटरच्या दोन्ही तारा घट्ट पीळ देऊन चॅसिसच्या कोपऱ्यातून नेल्या, ग्रिडच्या (व्हॉल्व्हला सिग्नल नेणाऱ्या) तारांपासून लांब. मग दोन्ही तारांना १००-१०० ओहमचे रेझिस्टर लावून त्यांचा मधला बिंदू ग्राउंडऐवजी ६व्ही६च्या कॅथोडला जोडला, तिथे १९-२० व्होल्ट असतातच. या एका जोडणीने खोली शांत झाली. महागड्या कपॅसिटरांवर पैसे घालण्याआधी हे करून बघाच.

*

न्यू जर्सीहून.

मी बांधला नाही, साठच्या दशकातला फेंडर प्रिन्स्टन घेतला आणि आता तो पुण्याला आणायचा आहे. तयारी काय केली ते लिहितो. वायर दोन पिनांची होती, ती काढून तीन पिनांची बसवली आणि अर्थ चॅसिसला पक्की केली. मेन्समधून चॅसिसला जाणारा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून टाकला. तो बिघडला तर चॅसिसलाच वीज लागते, म्हणून इकडे त्याला 'डेथ कॅप' म्हणतात. ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्टचा आहे, तेव्हा पुण्यात स्टेपडाउन लागेलच. अर्थची तार त्यातून अखंड पुढे जाते ना, तेवढं मीटरने तपासून घ्यायचं. ६० हर्ट्झवर चालणारा ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, म्हणून तासभर हात लावून बघत बसण्याची तयारी ठेवली आहे.

*

म्हापशाहून, थोडक्यात.

पुणेकरांसारखाच ५ई३. बँडमध्ये बास गिटारबरोबर वाजवताना खालचे सूर फारच पसरत होते. कपलिंगचे (एका व्हॉल्व्हचा सिग्नल पुढच्याकडे नेणारे) ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर काढून ०.०२२ चे घातले, तारा सुट्या ऐकू यायला लागल्या. घरी एकटं वाजवताना मात्र ०.१ चाच आवाज मला भरलेला वाटतो.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. जुन्या ढंगाचा काळा फायबरचा बोर्ड हवेतली ओल धरतो. जुलैत करकर सुरू झाली, तेव्हा मीटरचं एक टोक चॅसिसला आणि दुसरं नुसत्या बोर्डावर, हाय व्होल्टेजच्या आयलेटजवळ (तार जोडायच्या धातूच्या भोकाजवळ) टेकवलं, तर मीटर व्होल्ट दाखवू लागला. बोर्डच वीज वाहत होता. सगळे भाग उचलून ग्लास-इपॉक्सीच्या बोर्डावर बसवले. कोकणात आणि गोव्यात बांधणार असाल तर पहिल्यापासून तोच वापरा, दिसायला जुना नसला तरी.