सरकारसाठी तिसरी किल्ली: एन्क्रिप्शनमध्ये राखीव वाट असावी का?

धागाकर्ता:
गरज पडेल तेव्हा कोणाचेही संदेश सरकारला उघडता यावेत, म्हणून एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे संदेश कुलूपबंद करून पाठवण्याच्या पद्धतीत, एक राखीव वाट ठेवावी, ही मागणी पुन्हा जोर धरते आहे. माझा तिला ठाम विरोध आहे. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये संदेश उघडणाऱ्या किल्ल्या फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये असतात. कंपनीच्या सर्व्हरवरून जातो तो वाचता न येणारा मजकूर. २०१६ साली अमेरिकेत एका ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) सिग्नल या मेसेजिंग ॲपकडे माहिती मागितली, तेव्हा त्यांना देता आलं ते एवढंच: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. तिसरी किल्ली आली की हे सगळं बदलतं. ती किल्ली सांभाळणारी माणसं येतात, तिची साठवण येते आणि ती चोरायला टपलेले येतात.

हा प्रयोग होऊन गेला आहे. १९९३ साली अमेरिकेत क्लिंटन सरकारने फोनवरचं बोलणं एन्क्रिप्ट करणारी 'क्लिपर' चिप आणली. तिच्या किल्लीचे दोन तुकडे दोन सरकारी संस्थांकडे राहणार होते. पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवून दिलं की चिप वापरूनही सरकारी किल्लीला बगल देता येते. ती योजना बारगळली.

निवृत्त तपास अधिकारी:
असहमत. न्यायालयाच्या वॉरंटने घराची झडती घेता येते, बँकेचं खातं तपासता येतं, मग फोनलाच वेगळा न्याय का? २०१५ साली अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनोत दहशतवादी हल्ल्यात १४ माणसं मारली गेली. हल्लेखोराचा आयफोन हातात होता, न्यायालयाचा आदेश होता, तरी फोनची सुरक्षा सैल करून द्यायला ॲपलने नकार दिला. कायद्याने दिलेला अधिकार एखादी कंपनी निकामी करू शकत असेल, तर त्याला लोकशाही म्हणायचं का? मेलेल्यांच्या घरच्यांसमोर बसून 'फोन उघडत नाही' असं सांगून बघा.

नेटवर्क अभियंता:
तुमची तळमळ कळते, पण झडतीची उपमा इथे लागू होत नाही. झडतीचा आदेश एका घराचा असतो. इथे मागणी आहे ती प्रत्येक घराच्या भिंतीत आधीच एक दार पाडून ठेवायची.

आणि त्या दाराचं काय होतं ते ग्रीसमध्ये दिसलं. व्होडाफोन ग्रीसच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कायदेशीर फोनटॅपिंगसाठीचं सॉफ्टवेअर होतं. कोणीतरी आत शिरून तेच गुपचूप चालू केलं. अथेन्स ऑलिम्पिकच्या सुमारास, २००४ ते २००५ मध्ये, पंतप्रधान कोस्तास करामानलिस यांच्यासह शंभराहून अधिक जणांचे फोन ऐकले जात होते. म्हणजे सरकारच्या सोयीसाठी केलेल्या यंत्रणेतून सरकारच ऐकलं गेलं. २०२४ मध्ये 'सॉल्ट टायफून' या चिनी हॅकर गटाने अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत शिरकाव केला, आणि न्यायालयीन आदेशाच्या टॅपिंगसाठी असलेल्या यंत्रणेपर्यंतही ते पोहोचले. त्यानंतर अमेरिकेच्याच सायबर सुरक्षा अधिकाऱ्यांनी लोकांना एन्क्रिप्टेड ॲप वापरायला सांगितलं!

सॅन बर्नार्डिनोचा तो फोन एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने मार्च २०१६ मध्ये बाहेरच्या एका पक्षाच्या मदतीने उघडला. ॲपलला सगळ्यांची सुरक्षा सैल करावी लागली नाही.

बालहक्क कार्यकर्ती:
दहशतवादाबद्दल बोलून सगळे मोकळे होतात. मुलांचं काय? हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेकडे २०२३ मध्ये बाललैंगिक शोषणाच्या ३ कोटी ६० लाखांहून जास्त सूचना आल्या. त्यातल्या बहुसंख्य कंपन्यांनी स्वतः तपासून दिल्या होत्या. कंपनीलाच काही दिसेनासं झालं, की या सूचना आटतात. तुमच्या खासगीपणाची किंमत ज्या मुलाला मोजावी लागते, त्याला या चर्चेत बोलताही येत नाही. किल्ली नको, तर नको. पाठवण्याआधी फोनमध्येच चित्र तपासा.

धागाकर्ता:
ताई, तुमचा मुद्दा मला सर्वात जड जातो. फोनमधल्या तपासणीची योजना ॲपलने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सोडून दिली. ठरावीक चित्रांची यादी फोनमध्ये बसवली, की त्या यादीत काय आहे हे फोनच्या मालकाला पाहता येत नाही. आज शोषणाची चित्रं, उद्या आंदोलनाचं पत्रक. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.

पण संदेश मिळालेल्या मुलाच्या फोनवर तो उघडलेलाच असतो. तिथून एका बोटावर तक्रार करता यावी आणि तो संदेश पुराव्यासह पुढे जावा, यात कोणतंही एन्क्रिप्शन मोडत नाही. अनोळखी प्रौढाने एकामागून एक लहान मुलांना संपर्क करणं हे मजकूर न वाचताही ओळखू येतं.

निवृत्त तपास अधिकारी:
आमच्या काळात कॉलच्या नोंदींवरूनच निम्मा तपास उभा राहायचा, हे मान्य. राखीव वाटेशिवाय तपास झाल्याचं एन्क्रोचॅट या गुन्हेगारांत चालणाऱ्या एन्क्रिप्टेड फोनसेवेचंही उदाहरण आहे. फ्रेंच आणि डच पोलीस २०२० मध्ये त्या फोनच्या जाळ्यात घुसले आणि पुढे ६,५०० हून अधिक जणांना अटक झाली. पण अशी घुसखोरी किती देशांच्या पोलिसांना परवडेल? लहान जिल्ह्याच्या ठाण्यात बसलेल्या अधिकाऱ्याने काय करायचं?

नेटवर्क अभियंता:
घुसखोरीलाही मी बिनशर्त हो म्हणणार नाही. एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने स्वतःच्या वापरासाठी राखून ठेवलेली विंडोजमधली एक त्रुटी बाहेर फुटली आणि मे २०१७ मध्ये त्याच त्रुटीवर वॉनाक्राय हा संगणकातल्या फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला. ब्रिटनमध्ये रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. त्यामुळे एक व्यक्ती, एक आदेश, ठरावीक मुदत, आणि त्रुटी कळली की ती बुजवायला कंपनीला सांगणं, एवढं तरी कायद्यात हवंच.

बालहक्क कार्यकर्ती:
तक्रारीच्या बटणाचं मान्य, ते उद्याच व्हावं. पण दोन्ही टोकांना गुन्हेगारच असतील, तर तक्रार करणार कोण? त्या चित्रातल्या मुलाच्या हातात फोनच नसतो. याचं उत्तर मिळेपर्यंत मी तुमच्या बाजूला येऊ शकत नाही.