रासपुतीन नेमका कोण होता? (बी विंग ग्रुप, काल रात्री)

बी-३०२: लेकीचा उद्या इतिहासाचा पेपर. रशियन क्रांतीच्या धड्यात रासपुतीनला 'मंक' म्हटलंय. म्हणजे संन्यासीच ना?

बी-१०१ काका: संन्यासी कसला! सैबेरियातल्या पोक्रोव्स्कोये गावचा शेतकरी. घरी बायको, तीन मुलं. दीक्षाबिक्षा काही नाही, फिरस्ता बाबा.

बी-४०४: थोडक्यात भोंदू. राणीला बरोबर गुंडाळलं.

बी-१०१ काका: इतकं सोपं नाही हो. राणीला आणि झारला, म्हणजे रशियाच्या सम्राटाला, चार मुलींच्या पाठीवर १९०४ मध्ये झालेला एकुलता एक मुलगा, अलेक्सेई. त्याला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार. १९१२ मध्ये पोलंडमधल्या स्पाला या शाही शिकारगृहात पोरगं इतकं अत्यवस्थ झालं की पाद्रीसुद्धा बोलावला. तेवढ्यात रासपुतीनची तार : मुलगा जगेल, डॉक्टरांना त्याला फार छळू देऊ नका. आणि पोरगं सावरलं. आईला आणखी काय हवं?

बी-२०३ डॉक्टर वहिनी: असा रक्तस्राव कधी कधी आपला आपणही थांबतो. सारखं हलवलं-दाबलं नाही तर बरंच. म्हणजे तारेतला सल्ला अगदीच वाईट नव्हता 🙂

सेक्रेटरी: टाकी धुणार आहेत, उद्या ११ ते १ पाणी नाही.

बी-१०१ काका: माझ्या मते खरी चूक आजार लपवण्याची. लोकांना कारणच ठाऊक नाही, मग हा दाढीवाला राजवाड्यात कशाला जातो? झाली कुजबुज सुरू. त्यात राणी जर्मन आणि युद्ध जर्मनीशी. १९१५ मध्ये झार मोगिल्योव्हच्या लष्करी मुख्यालयात जाऊन बसला, मागे राणी बाबाच्या सल्ल्याने मंत्री बदलतेय. दीड वर्षात चार पंतप्रधान!

बी-४०४: आणि विषाचे केक खाऊनही मेला नाही म्हणे?

बी-१०१ काका: ती कथा युसुपोवची, म्हणजे मारणाऱ्याचीच. शवविच्छेदनात विष सापडलं नाही. कपाळात गोळी होती. कटात झारचा सख्खा चुलतभाऊही होता. डिसेंबर १९१६ मध्ये बाबा गेला, पण राजधानी पेत्रोग्राडमधल्या पावाच्या रांगा काही हटल्या नाहीत. मार्चमध्ये झारही पायउतार.

बी-३०२: मग पेपरात काय लिहू दे?

बी-१०१ काका: मार्क हवेत तर पुस्तकातलं. 😄

बी-३०२: ती विचारतेय, त्याच्या मुलांचं काय झालं?

बी-१०१ काका: मोठी मुलगी मात्र्योना परदेशी गेली, सर्कशीत वाघ-सिंह खेळवायची. पण हे पेपरात येणार नाही, झोपवा तिला आता.