शब्दचर्चा : ‘प्रीपोझिशन’ म्हणजे शब्दयोगी अव्ययच का?

विचारणा (सातारा) : आठवीला इंग्रजी शब्दांच्या जाती शिकवताना प्रीपोझिशनला ‘शब्दयोगी अव्यय’ म्हणावं का? आणि ‘बिफोर’ची जात मुलांनी ओळखायची कशावरून?

उत्तर (सांगली) : म्हणा, पण जोडी पुरती जुळत नाही हे आधी सांगा. फळ्यावर लिहा : ‘एसटी साताऱ्याहून कऱ्हाडवरून सांगलीला जाते.’ इंग्रजीत फ्रॉम, व्हाया, टु ही तिन्ही प्रीपोझिशन. मराठीत शब्दयोगी एकटं ‘वरून’. ‘हून’ आणि ‘ला’ हे विभक्तीचे प्रत्यय, त्यांना शब्दाची जातच नाही. शिवाय आपल्याकडे ‘सातारा’चं ‘साताऱ्या’ होतं. इंग्रजी नाम तसंच राहतं, बदलतं ते सर्वनाम : ‘विथ आय’ नव्हे, ‘विथ मी’.

‘बिफोर’चा अर्थ विचारत बसू नका, त्याच्या पुढं काय आलंय ते बघायला लावा. ‘बिफोर सनराइज’, पुढं नुसतं नाम, म्हणून प्रीपोझिशन. ‘बिफोर द सन राइझेस’, पुढं कर्ता आणि क्रियापद, म्हणून कंजंक्शन. ‘आय हॅव सीन इट बिफोर’, पुढं काहीच नाही, म्हणून ॲडव्हर्ब. ‘बिफोर गोइंग’मधलं ‘गोइंग’ नामासारखंच धरायचं. मराठीत ‘सूर्योदयापूर्वी’ आणि ‘सूर्य उगवण्यापूर्वी’ दोन्हीकडे ‘पूर्वी’ शब्दयोगीच राहतं, त्यामुळे हा फरक मुलांच्या कानाला जाणवत नाही. ‘ड्यूरिंग इट वॉज रेनिंग’ ही चूक त्यातूनच येते. ‘ड्यूरिंग’ला पुढं नाम लागतं, इथं ‘व्हाइल’ हवं.

आणखी एक (वाई) : वरची कसोटी पटली. मात्र ‘अ, ॲन, द’ ही आर्टिकलं विशेषणांत ढकलू नका, ही माझी कळकळीची विनंती. ग्रीक व्याकरणातल्या आठ जातींत आर्टिकल होतं. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, तेव्हा तिथं केवलप्रयोगी घालून आठाचा आकडा राखला. इंग्रजीनं लॅटिनची यादी उचलली आणि आर्टिकल बेघर झालं. आताची व्याकरणं त्याला डिटर्मिनर, म्हणजे नाम कोणतं, कुणाचं हे ठरवणारा शब्द, म्हणतात. ‘धिस’, ‘माय’, ‘एव्हरी’ही त्यातलेच. विशेषणाचं ‘व्हेरी टॉल’ होतं, पण ‘व्हेरी द’ होत नाही. नामाआधी दोन डिटर्मिनर सहसा शेजारी बसत नाहीत. मराठीत ‘हे माझं पुस्तक’ बरोबर, म्हणून मुलं ‘धिस माय बुक’ लिहितात. तिथं ‘धिस बुक ऑफ माइन’ शिकवावं लागतं.