बाससाठी हलका रॉड: 88 ग्रॅमचा की 118 ग्रॅमचा?

निवळशंख

बास माशासाठी एकच हलका स्पिनिंग रॉड (ज्याला रिळ खालून लटकतं) घ्यायचा आहे. निवड दोघांवर येऊन अडली आहे. दोन्ही 7 फुटी, एकसंध. रिळ तेच राहणार: 2500 साइज, 205 ग्रॅम.

अ: 88 ग्रॅम. 40 टन कार्बन, पॉवर (म्हणजे वाकायला लागणारा जोर) मीडियम लाइट, वाक एक्स्ट्रा फास्ट, म्हणजे फक्त टोकाजवळ. टोकाकडे मायक्रो गाइड (दोरी ज्यांतून जाते त्या अगदी छोट्या रिंगा), टायटॅनियम फ्रेम. मूठ ईव्हीए फोमची, दोन तुकड्यांत, मधला भाग उघडा.

ब: 118 ग्रॅम. 24 आणि 30 टन कार्बनचं मिश्रण, मीडियम, फास्ट. नेहमीचे गाइड, स्टेनलेस फ्रेम. बुचाची पूर्ण मूठ.

वापर बहुतेक ड्रॉप शॉट (दोरीच्या टोकाला 5 ते 7 ग्रॅम शिसं, गळ त्याच्या वर), नेड रिग (3 ते 5 ग्रॅम शिशाच्या डोक्याचा गळ, आखूड रबरी किडा) आणि वॅकी (किडा मधोमध टोचलेला). कधीमधी पाणवनस्पतींच्या कडेने टेक्सास रिग (गळाचं टोक किड्यात लपवलेलं). दोरी 10 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), पुढे 8 पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर (गळाकडचा जोडतुकडा). मासे अर्धा ते दीड किलोचे.

माझा कल अ कडे आहे. दिवसभर हातात धरायचा तर 30 ग्रॅम कमी ते कमीच. यात काही चुकतंय का?

खंड्या

चुकतंय. हाताला ग्रॅम कळत नाहीत, टोकाची ओढ कळते.

स्पिनिंग रॉड आपण रिळाच्या पायाशी धरतो, म्हणजे बुंध्यापासून साधारण 30 सेंमीवर. उरलेला 183 सेंमी रॉड हातापुढे असतो आणि सतत खाली झुकू पाहतो. मनगट थकतं ते त्याला वर धरून. समजा, अ चा तोल हातापुढे 25 सेंमीवर येतो: 88 × 25 = 2200 ग्रॅम-सेंमी. ब चा 15 सेंमीवर येत असेल तर 118 × 15 = 1770. म्हणजे वजनकाट्यावर जड असलेला रॉड हातात हलका लागणार. तुटक मुठीने बुंध्याकडचं वजन काढलं जातं, त्यामुळे जाहिरातीतला आकडा सुंदर दिसतो आणि रॉड टोकजड होतो. हे फार सर्रास चालतं.

मोजणं सोपं आहे. रिळ लावा, रिळाच्या दांड्यापाशी दोरीचं वेटोळं घालून रॉड टांगा, टोकाचा गाइड छोट्या तराजूवर टेका. रॉड आडवा, जमिनीला समांतर हवा. वरच्या उदाहरणात अ साठी 12 ग्रॅम येतील, ब साठी 10 च्या आत. दोन रॉडची तुलना करायची तर हा आकडा बघा, एकूण वजन नको.

डोहकाठ

अंशतः असहमत. खंड्या, तुमचं गणित रॉड स्थिर धरलेला असताना बरोबर आहे. पण ड्रॉप शॉटमध्ये रॉड स्थिर कुठे असतो? टोक सारखं थरथरवायचं असतं, तासन् तास. तिथे अंतर नुसतं मोजलं जात नाही, अंतराचा वर्ग मोजला जातो.

हातापासून 180 सेंमीवर 1 ग्रॅमचा गाइड आहे. त्याचा तोल साधायला बुंध्यात, 30 सेंमीवर, 6 ग्रॅम घालावे लागतात: 1 × 180 = 6 × 30. तोल जमला. आता हलवायला किती जड? गाइडचे 1 × 180 × 180 = 32,400, बुंध्याचे 6 × 30 × 30 = 5,400, एकूण 37,800. म्हणजे वजन घालून तोल आला, पण रॉड किंचित जास्तच सुस्त झाला. तोच 1 ग्रॅम टोकाकडून काढला असता तर ओढही गेली असती आणि सुस्तीही.

म्हणून टोकाकडचे हलके गाइड मला फार मोलाचे वाटतात आणि अ ची खरी बाजू तीच आहे. रॉड आडवा धरून एक छोटा हिसका द्या आणि टोक किती वेळा डुलून थांबतं ते पाहा. हलकं टोक लवकर शांत होतं. फेकीतही याचा फायदा आहे: टोक डुलत राहिलं की दोरी गाइडना घासत जाते आणि 3 ग्रॅमचा नेड रिग मध्येच पडतो.

आणखी एक. "टोकजड असेल तर जड रिळ लावा" हा सल्ला स्पिनिंगला जवळजवळ लागू पडत नाही. रिळ हाताच्या बरोबर खाली लटकतं. त्याला तरफच मिळत नाही.

कातळ

तुम्ही दोघं तोलावर भांडताय आणि रॉड टिकणार का, हा प्रश्न बाजूला राहिलाय.

"40 टन" म्हणजे रॉड 40 टन उचलतो असं नाही. तो तंतूंच्या कडकपणाचा आकडा आहे, दर चौरस मिमीला टन. टोरे या जपानी कंपनीचा टी700 तंतू 230 गिगापास्कलचा (कडकपणाचं एकक), म्हणजे साधारण 24 टन वर्ग. त्यांचाच एम40जे 377 गिगापास्कलचा, म्हणजे 40 टन वर्ग. आता तुटण्याआधी ते किती ताणले जातात ते बघा: टी700 सुमारे 2.1 टक्के, एम40जे सुमारे 1.2 टक्के. कडकपणा वाढला, सोशिकपणा जवळपास निम्म्यावर आला.

दुसरं, कडक तंतू वापरला की तेवढाच ताठपणा कमी मालात मिळतो. हलकेपणा येतो तो तिथूनच. 377 भागिले 230 म्हणजे 1.64, तर त्याच व्यासाच्या नळीची भिंत साधारण 0.6 पट पातळ होते. आणि भिंतीवर बाहेरून ठोक बसला तर तिचा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे घटतो: 0.6 चा घन 0.22. पाव भागसुद्धा उरत नाही.

प्रत्यक्षात होतं असं. फेकताना 7 ग्रॅमचं शिसं ब्लँकवर (रॉडच्या मूळ नळीवर) आपटतं. डोळ्याला फक्त टिकलीएवढा ओरखडा दिसतो, आत थर सुटलेले असतात. पुढच्या कधीतरी, किलोभराच्या माशावर, रॉड तिथेच फाटकन तुटतो आणि दोष माशाला किंवा कंपनीला दिला जातो. ब ची जाड भिंत असे ठोक बरेच पचवते. ड्रॉप शॉटसाठी ज्याच्या दोरीच्या टोकाला सदैव शिसं लटकतंय, त्याने पातळ भिंतीचा रॉड घेणं मला धोक्याचं वाटतं.

भोवरा

कातळ, आकडे बरोबर पण त्यावरून काढलेला निष्कर्ष जुन्या रॉडना लागू आहे. अख्खा ब्लँक एम40जेचा कोणी गुंडाळत नाही. "40 टन" लिहिलेल्या रॉडमध्ये तो तंतू काही थरांतच असतो. बुंध्यात वेगळा, टोकाला वेगळा, आणि नळी चपटी होऊ नये म्हणून आडवे किंवा तिरके थर वेगळ्याच कार्बनचे वा काचेच्या पातळ जाळीचे. शिवाय टोरेचाच टी1100 बघा: 324 गिगापास्कल कडकपणा, ताणही सुमारे 2 टक्के. कडक म्हणजे ठिसूळ, हे समीकरण तिथे मोडतं.

त्यामुळे टनांचा आकडा ना घेण्याचं कारण, ना टाळण्याचं. आडवे थर कसे आहेत ते विचारा. कंपनी सांगत नसेल तर आकडा सोडून द्या.

आणि रॉड बहुतेक वेळा मोडतात ते हाताळणीमुळे. मासा काठाशी किंवा बोटीशी आला की लोक रॉड सरळ आकाशाकडे उभा करतात आणि दोरी आखडत नेतात. मग सगळा वाक शेवटच्या 30-40 सेंमीत गोळा होतो. त्या भागाचा व्यास जेमतेम 2 मिमी. तिथे दीड किलोचा मासा उचलला तर 24 टनाचाही जातो. बुंधा आणि दोरी यांतला कोन 90 अंशांच्या आत ठेवा. मासा जवळ आला की टोकाबाहेर निदान रॉडच्या लांबीएवढी दोरी राहू द्या, हातजाळी पुढे न्या, आणि रॉड धरलेला हात मागे घ्या, वर नको. अडकलेला गळ रॉडने हिसडे मारून सोडवू नका. रॉड दोरीच्या रेषेत सरळ करा, रिळावर तळवा दाबा आणि मागे चाला.

ड्रॅग (ज्या ताणाला रिळ दोरी सोडू लागतं तो) 8 पौंडी लीडरच्या पाव ते तृतीयांश, म्हणजे 0.9 ते 1.2 किलो. ताणकाट्याने मोजून लावा. ब्रेड जवळजवळ ताणत नाही, त्यामुळे धक्का झेलायला फक्त रॉड आणि ड्रॅग असतात. अ चा एक्स्ट्रा फास्ट वाक बुंध्यापर्यंत लवकर जात नाही, म्हणून ड्रॅग त्याच्यासाठी जास्त महत्त्वाचा.

पाणकोळी

मला आश्चर्य याचं वाटतं की चार उत्तरं झाली आणि मूळ घोळ कोणी पकडला नाही. अ मीडियम लाइट आहे, ब मीडियम. हे एकाच रॉडचे हलका आणि जड अवतार नाहीत, ही दोन वेगळी हत्यारं आहेत. अ चं वजन कमी असण्याचं एक कारण हेच की त्यात मालच कमी लागतो.

आधी गळ बघा, मग रॉड. ड्रॉप शॉट, नेड, वॅकी: गळाची तार बारीक, टोक उघडं. तिथे जोराचा झटका देऊच नये. दोरी ताणत न्यायची, रॉड वाकला की गळ आपोआप रुततो. मीडियम लाइट इथे उत्तम. जास्त कडक रॉडने बारीक तार उघडते किंवा ओठ फाटतो. पण टेक्सास रिगमध्ये 3/0 किंवा 4/0 मापाचा जाड तारेचा गळ, टोक रबराच्या किड्यात लपलेलं. ते टोक आधी रबरातून बाहेर यायचं, मग बासच्या कडक जबड्यात शिरायचं. मीडियम लाइट तिथे नुसता वाकतो. मासा दोन क्षण जोर करतो, तोंड उघडतो, गेला. मग लोक म्हणतात गळ बोथट होता.

निवळशंख, तुमच्या वापरात टेक्सास "कधीमधी" म्हणजे किती? दहात एक फेक असेल तर अ चालेल, त्या एका फेकीसाठी गळ 1/0 चा बारीक तारेचा घ्या आणि रबरही पातळ. दहात चार असतील तर ब, प्रश्नच नाही.

शिक्क्यांवर विसंबू नका. एकाचा मीडियम दुसऱ्याचा मीडियम लाइट असतो. बुंधा आडवा पक्का बांधा, टोकाला पिशवी टांगून हळूहळू पाणी किंवा नाणी घाला, टोक रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत. 7 फुटी रॉडला ते 71 सेंमी. जेवढं वजन लागलं ती खरी पॉवर. रॉड बांधणारे लोक पॉवर याच तत्त्वाने मोजतात, आणि दोन कंपन्यांचे रॉड एका पट्टीवर आणायला यासारखा मार्ग नाही.

निवळशंख

पाणकोळी, नेमकं बोट ठेवलंत. टेक्सास दहात दोन, फार तर तीन. ब्रँड न बदलता अ चाच मीडियम 94 ग्रॅमचा मिळतो आहे, बाकी सगळं तेच. तो घेतला तर कातळ यांची हरकत राहतेच, पण पॉवरचा प्रश्न सुटतो. उरली मायक्रो गाइडची धास्ती. लीडरची गाठ त्यातून जाईल का?

डोहकाठ

जाईल, गाठ नीट असेल तर. 8 पौंडी फ्लुरोकार्बनला एफजी गाठ (ब्रेड लीडरभोवती विणायची बारीक गाठ) मारा. ब्रेडचे आळीपाळीने वरून-खालून 20 वेढे, प्रत्येक वेढा ताण ठेवून. मग थुंकीने ओली करून दोन्हीकडून जोराने ओढा. ब्रेडचा रंग गडद झाला म्हणजे ती लीडरमध्ये रुतली. रंग बदलला नाही तर गाठ घसरणार, पुन्हा बांधा. लीडरचं टोक अगदी लगत कापा.

खंड्या

एफजी ठीक, पण वाऱ्यात, गार बोटांनी, हलत्या बोटीवर ती नीट बसत नाही हे मान्य करा. मग माणूस डबल युनी (सोपी पण जाड गाठ) मारतो आणि ती जाडी मायक्रो गाइडमध्ये प्रत्येक फेकीला खट्कन आदळते. रिंगवर लिहिलेला 4 हा बाहेरचा व्यास असतो, आतलं भोक त्याहून बरंच लहान. गाठ टोकाबाहेर ठेवायची तर लीडर हातभरसुद्धा उरत नाही, आणि स्वच्छ पाण्यात तेवढा पुरत नाही. टोकाला एक नंबर मोठे गाइड असलेला रॉड घ्या. वजन जेमतेम ग्रॅमभर वाढेल.

डोहकाठ

टोकाकडचा ग्रॅमभर म्हणजे किती, ते वर लिहिलंच आहे. त्यापेक्षा दोन-तीन लीडर घरी बांधून ठेवा आणि गुंडाळून न्या. प्रत्येकाच्या मागे मीटरभर ब्रेड ठेवा. पाण्यावर फक्त ब्रेडला ब्रेड जोडायची, ती गाठ बारीक आणि थंडीतही जमते.

कातळ

ब्रेडला ब्रेड जोडलेली गाठ घसरते, तिला वेढे दुप्पट घाला, नाहीतर पहिल्याच चांगल्या माशाला सुटेल.

आणि 94 ग्रॅमचाच घेणार असाल तर गळ गाइडमध्ये अडकवून आणि शिसं लटकतं ठेवून रॉड नेऊ नका, ते ब्लँकवर टकटक आपटत राहतं. शिसं काढून खिशात ठेवा. कार्बन वीजवाहक आहे, वरून तारा जात असतील किंवा गडगडत असेल तर रॉड आडवा करून खाली ठेवा. दर काही दिवसांनी प्रत्येक रिंगमधून कापसाचा बोळा फिरवा. एकही धागा अडकला तर रिंगला तडा आहे, आणि अशी रिंग ब्रेडला दोन फेकींत कातरते. तो गाइड बदलेपर्यंत रॉड वापरू नका.