तर्रीचा डाग गेला का? तेलकट कपड्यांचे तुमचे अनुभव इथे लिहा

मागच्या रविवारी आम्ही सगळे मखमलाबादकडे मिसळ खायला गेलो होतो. सासरे पांढऱ्या खादीच्या झब्ब्यात. "अजून थोडी तर्री घाल रे," म्हणाले आणि वाढणाऱ्याच्या पळीतून ओघळलेली तर्री सरळ त्यांच्या पोटावर. त्यांनी रुमाल पाण्याच्या ग्लासात बुडवून खसाखसा पुसलं. रुपयाएवढा डाग बशीएवढा झाला. घरी येऊन मी त्यावर साबणाची वडी फिरवली, तर पिवळ्याचा चक्क लालभडक! सासरे शांतपणे म्हणाले, "असू दे, घरात घालीन."

हे वाक्य आमच्याकडे दर दोन महिन्यांनी कुणीतरी म्हणतं. घरात घालायच्या कपड्यांचा कप्पा आता बाहेरच्या कपड्यांपेक्षा जास्त भरलाय. तेव्हा आपापले अनुभव लिहा. फसलेले तर नक्की लिहा. ऐकीव नको, स्वतः करून पाहिलेलं हवं.

जुनी पंचवटीकर: लाल झाला म्हणून घाबरू नकोस गं. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. कुंकू असंच तर करायचे पूर्वी. साबण धुऊन निघाला की परत पिवळा होईल.

तुझ्या झब्ब्यावर एक नाही, दोन डाग आहेत, तेलाचा वेगळा आणि हळदीचा वेगळा. आधी तेल काढ. झब्बा पूर्ण वाळू दे, मग कोरड्या डागावरच भांडी घासायचं लिक्विड बोटाने चोळ, पाणी न घालता. साबणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. आधीच पाणी ओतलंस तर लिक्विड पातळ होऊन पसरतं आणि तेलापर्यंत नीट पोचत नाही. पंधरा मिनिटांनी कोमट पाण्याने धू. हळदीचं मग उन्हावर सोपव. हळद उन्हात टिकत नाही. डागाची बाजू वर करून गच्चीवर दोन दिवस वाळत घाल.

कुणीतरी: लिंबू-मीठ लावा, लगेच जातो.

धागाकर्ती: स्वतः करून पाहिलंय?

कुणीतरी: नाही, आत्या सांगायची.

जुनी पंचवटीकर: मी पाहिलंय करून. तेल जिथल्या तिथे राहिलं आणि जांभळ्या कुर्त्याचा रंग मात्र उडाला.

सातपूरचा फिटर: ताई, तुमची तर्री परवडली. एमआयडीसीत २२ वर्षं झाली मला, ग्रीस आणि कटिंग ऑइल म्हणजे रोजचा प्रसाद. माझी पद्धत ऐकून बायको आधी हसली होती. हॅक्सॉ ब्लेडच्या पाठीने वरचा थर खरवडायचा आणि मग डागावर चमचाभर गोडेतेल चोळायचं. हो, तेलाच्या डागावर तेल! घट्ट ग्रीस पातळ तेलात सुटं होतं. दहा मिनिटांनी भांड्याचं लिक्विड, जुना टूथब्रश आणि कापडाला चालेल तेवढं गरम पाणी. ग्रीसचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, वेगळी बादली. तरी थोडा काळेपणा राहतो. ती ग्रीसमध्ये मिसळलेली धातूची बारीक पूड असते, ती साबणाला दाद देत नाही. बॉयलर सूटवर चालून जातं.

नवा होतो तेव्हा पेट्रोलने पुसायचो. एकदा तशीच पॅन्ट बाथरूममध्ये टांगली, तिथेच गॅसचा गिझर. बायकोला वास आला म्हणून तिने गिझर लावला नाही. लावला असता तर हे लिहायला मी नसतो. पेट्रोल त्या दिवसापासून बंद, आणि तसा कपडा मशीनमध्येही कुणी टाकू नका.

येवल्याची माहेरवाशीण: पैठणीबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून लिहिते. चुलत बहिणीच्या लग्नात समईचं तेल माझ्या पदरावर सांडलं. घाईत भांड्याचं लिक्विड आणि पाणी लावलं. तेल गेलं, पण पाण्याची कड उठली, हातभर लांब, नकाशासारखी. मला रडू फुटलं. अजून ती साडी नेसताना पदर मी दुमडूनच घेते.

दुसऱ्या वेळी (हो, दुसरी वेळही आली, तूपच होतं या खेपेला) मावशीने हात लावू दिला नाही. तिने पदर पांढऱ्या सुती पंचावर उलटा पसरला, डागावर टाल्कम पावडर पेरली आणि वरून काही न दाबता रात्रभर तसाच ठेवला. चोळायचं नाही, रेशमाचा धागा फिसकटतो आणि जर उचकटते. सकाळी पावडरीचे पिवळट गोळे झाले होते. मऊ ब्रशने ते झटकून पुन्हा नवी पावडर, पंचाचीही जागा बदलली. असं तीनदा. चौथ्यांदा पावडर कोरडीच उडाली, तेव्हा मावशी म्हणाली, "आता शोषायला काही उरलं नाही." मगच ती ड्रायक्लीनला दिली, "तूप सांडलं होतं, इथे" अशी चिठ्ठी टाचून. डाग कशाचा ते सांगाच, नाहीतर ते लोक अंदाजाने काहीतरी लावतात.

मैदा-बेसनाच्या भानगडीत पडू नका. जरीत अडकलं तर टाचणीने काढत बसावं लागतं.

होस्टेलवाला: खोबरेलचं काय करायचं? थंडीत कॉलरवर मेणासारखं बसतं. थंड पाण्यात कितीही घासा, हलत नाही.

जुनी पंचवटीकर: कसं हलेल! खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि जानेवारीत सकाळी आपल्याकडे नळाचं पाणी बोटं बधिर करतं. कोमट पाणी घे बाळा.

होस्टेलवाला: मेसच्या मावशींकडून बादलीभर आणलं, लिक्विडही त्यांचंच. कॉलर निघाली. बदल्यात संध्याकाळी भांडी विसळायला लावली.

कॉलेज रोडची आई: माझा वैरी म्हणजे लेकाचा पॉलिस्टरचा टी-शर्ट. वडापावचा डाग धुते, ओला असताना अजिबात दिसत नाही. ओला कपडा सगळाच गडद होतो ना. दोरीवर वाळला की डाग पुन्हा हजर. दोनदा फसले. तिसऱ्यांदा घाईत न बघता इस्त्री फिरवली आणि तेल कायमचं मुरलं. पॉलिस्टरला पाण्यापेक्षा तेल जवळचं, सुती कापड त्या मानाने लवकर सोडतं. आता वाळल्यावर खिडकीशी उजेडात धरून बघते, डाग दिसला तर पुन्हा लिक्विड, आणि पूर्ण जाईपर्यंत इस्त्री जवळसुद्धा नेत नाही.

गंगापूर रोडच्या आजी: आमच्याकडे दिवाळीच्या अभ्यंगाचे पंचे फाल्गुनापर्यंत खवट वास मारायचे. तेल हवेने जुनं होतं, चिकट होतं, मग नुसती पावडर पुरत नाही. सुती पंचे असतील तर बादलीभर कढत पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवते, मग नेहमीसारखे धुते. धुण्याचा सोडा म्हणतेय, खायचा नव्हे! सून एकदा ढोकळ्याचा डबा घेऊन आली होती. हातात मोजे घाला, कातडी सोलवटते. रेशीम, लोकर या सोड्यापासून लांब ठेवा. माझ्या दिराचा स्वेटर असाच नातवाच्या मापाचा झाला.

देवळालीहून: आजी, एक भर घालते. मी मसाजच्या ठिकाणी काम करते. तेलाचे टॉवेल धुतले तरी थोडं तेल राहतंच. ते ड्रायरमधून काढून गरम-गरम ढीग रचायचे नाहीत. ढिगाच्या आत तेल तापत जातं आणि टॉवेल आपोआप पेटूही शकतात. पहिल्याच दिवशी ताकीद मिळाली होती. आम्ही एकेक पसरून गार करतो, मगच घड्या.

धागाकर्ती: अरे देवा, हे माहीतच नव्हतं.

झब्ब्याचं सांगते. काकू म्हणाल्या तसं कोरड्यावर लिक्विड लावलं, मग दोन दिवस गच्चीवर. पिवळं गेलं. तेलाची फक्त कड उरली आहे, तीही उजेडात धरली तरच दिसते. आत्ताच दुसऱ्यांदा लिक्विड लावून दोरीवर घातलाय. इस्त्रीचा प्लग मीच काढून ठेवलाय. सासरे तिसऱ्यांदा विचारून गेले, रविवारपर्यंत वाळेल ना?