मदत हवी आहे : ह्मोंग अंत्यविधीतील वाटेचे गीत

लाओसमधील ह्मोंग समाजाच्या अंत्यविधीत ‘खुआ के’ हे गीत म्हणून मृताच्या आत्म्याला, तो जिथे जिथे राहिला त्या गावांतून उलट्या क्रमाने, जन्मस्थळी पुरलेल्या वारेपर्यंत (बाळाच्या जन्मानंतर बाहेर पडणाऱ्या प्लासेंटापर्यंत) नेले जाते, कारण पूर्वजांकडे जाताना ती वारच त्याचे वस्त्र ठरते. मुलाची वार घराच्या मुख्य खांबापाशी, तर मुलीची आईवडिलांच्या पलंगाखाली पुरत. (आपल्याकडे ‘नाळ पुरली ती जागा’ म्हणतात, त्याची आठवण होते.)

१९७५ नंतर लाओसमधून अमेरिकेत आलेल्या ह्मोंग लोकांविषयीचे इंग्रजी लेख मी वाचले आहेत. त्यांत पुढील मुद्दा सुटतो. मिनेसोटातील मराठी मंडळींपैकी कुणी असा विधी प्रत्यक्ष पाहिला असल्यास कृपया सांगावे : सेंट पॉलच्या रुग्णालयात जन्मलेल्या, वार कुठेही न पुरलेल्या व्यक्तीसाठी गायक शेवटचे ठिकाण कोणते उच्चारतो?